बुजवलेलं बीळ

खोली तरी काय, म्हणाल तर कोंबड्यांचं खुराडं. भद्रकालीच्या देवळामागच्या गल्लीत, ठमाबाई माळणीच्या घराला चिकटलेली, मातीच्या भिंतींची, एका दाराची. उजेड दारातून येईल तेवढाच. सावळीराम बायकोला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा त्याचंच तोंड उतरलं. "लय कोंदट हाय गं," तो म्हणाला. रंगूबाई म्हणाली, "असू दे. आपली हाय ना!" भाड्याची खोली आपली कशी, असं काही त्या शहाण्याने विचारलं नाही. कळवणला सासरी बारा माणसांत चार वर्षं काढलेल्या बाईला आतून कडी लागणारं दार म्हणजे राजवाडाच वाटणार की.

सावळीराम इगतपुरीला रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. रविवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा. बाकीचे दिवस रंगू, पाच महिन्यांचा यादव आणि त्या चार भिंती.

ठमाबाई म्हणजे फटकळ बाई. पहिल्याच दिवशी तिने दारात उभं राहून सगळं सुनावलं होतं. "भिंतीत खिळा ठोकायचा नाही. चूल दाराशी मांडायची. चुना काय लावायचा तो लाव, पण मागच्या कोपऱ्यात खाली भोक आहे, त्याला हात लावायचा नाही."

"का हो मावशी?"

"नाही म्हटलं ना! घर माझं, भोक माझं."

रंगूने मान डोलावली. पण मनात म्हणाली, काय चिक्कू बाई आहे, चिमूटभर माती लागली तर हिची भिंत झिजणार आहे का!

मग रंगूने त्या खोलीचं जे केलं, ते बघायला अख्खी गल्ली येऊन गेली. पैसा कुठे होता? पण हात होते. चुन्यात निळीची चिमूट टाकून तिने भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या. खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढला. कापडदुकानदाराकडून ताग्यांवरची रंगीत चित्रं मागून आणली, कशावर मोर, कशावर लक्ष्मी, आणि चिंचोक्याच्या खळीने ती चुलीच्या वर ओळीने डकवली. फाटक्या लुगड्याचे काठ कापून फळीला झालर लावली. सावळीरामाने तारेच्या खांबावरून निखळून पडलेली चिनी मातीची फुटकी वाटी आणली होती, तिच्यात रोज झेंडूची दोन फुलं. शेजारची हाजरा, सलाउद्दीन कल्हईवाल्याची बायको, दारातूनच म्हणाली, "रंगू, तुझ्या घरात पाय ठेवायची लाज वाटते बघ, इतकं साफ!" रंगूला ते ऐकून मूठभर मांस चढलं.

सगळं झालं, पण ते भोक काही डोळ्यांपुढून जाईना. नव्या लुगड्याला ठिणगीचं भोक पडावं, तसं ते त्या पांढऱ्या भिंतीत दिसायचं. मनगट आत जाईल एवढं. उंदीरही तिथूनच येत असणार. आणि नेमका त्याच कोपऱ्यात आढ्याला आकडा, म्हणून यादवची झोळी तिथेच टांगलेली.

चौतीस सालचा श्रावण. नागपंचमीचा आदला दिवस. उद्या खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. म्हणजे जे काय करायचं ते आजच. ठमाबाई फुलं घेऊन बाजारात गेलेली बघून रंगूने पदर खोचला. कौलाचे तुकडे आत कोंबले, भुसा घातलेली ओली माती दाबून दाबून भरली, वरून शेणाचा हात फिरवला, चुना दिला. दिवेलागणीला त्याच जागेवर गेरूने हातभर उंच नाग काढला, फणा काढलेला, झोकदार. पूजेला नाग तर लागतोच. शिवाय ठमाबाई बघायला आली तर तिला देव दिसेल, भोक नाही. आपल्या अकलेवर रंगू स्वतःच खूश होती.

रात्री यादवला पाजायला उठली तेव्हा कोपऱ्यातल्या धान्याच्या मडक्यांमागे काही सरपटल्यासारखं वाजलं. "कोंडला मेला उंदीर," ती पुटपुटली, आणि पाय पसरून अंधारात तशीच बसून राहिली, लेकरू पोटभर पिईपर्यंत.

सकाळी तिने नागाला हळदकुंकू वाहिलं, लाह्या आणि दूध ठेवलं, दिंडांसाठी पुरण शिजत टाकलं. यादव झोळीत झोपला होता. हाजरा आडावर निघाली होती, तिच्याबरोबर रंगूही एक घागर घेऊन गेली. किती वेळ? पान खाऊन होईल एवढाच.

परत येऊन तिने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तो तिथेच राहिला.

झोळीच्या खाली नाग होता. चित्रातला नव्हे. काळसर, मनगटाएवढा जाड, जिवंत. झोळीचं कापड जमिनीपासून हातभर वर होतं आणि तो त्याच्या बरोबर खाली, भिंतीला तोंड लावून.

रंगूची घागर कमरेवर तशीच. छातीत असं धडधडत होतं की तिला वाटलं, हा आवाज त्याला ऐकू जाईल.

"काय गं, वाटेत काय उभी?" मागून हाजरा म्हणाली, तिने आत डोकावलं आणि किंचाळली, "या अल्ला!"

त्या किंकाळीने गल्ली गोळा झाली. सगळ्यांच्या पुढे ठमाबाई, हातात दुधाची वाटी. तिने आत बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "आला गं बाई, आला! चित्र बघून नागोबा भेटीला आला!" तिने हात जोडले. तिचं बघून मागच्यांनी जोडले. कुणी म्हणालं, गारुड्याला बोलवा, चौकातच बसलाय. ठमाबाई कडाडली, "आजच्या दिवशी देवाला पेटीत घालता? लाजा नाहीत का वाटत?"

"माझं लेकरू हाय आत," रंगू म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"त्याला काय करतोय तो! तू फक्त हलू नको."

रंगू हलत नव्हतीच. ती बघत होती. नाग भिंतीला तोंड लावायचा, गेरूच्या फण्याखाली, जिथे चुना अजून ओलसर होता तिथे. दाबायचा. मागे यायचा. वेटोळं घालून पुन्हा तिथेच. दोनदा, तीनदा. देवळात आलेला माणूस असं करत नाही. दार आतून लावलेलं बघून घरचा माणूस असं करतो.

आणि रंगूला कळलं. हा दर्शनाला आलेला नाही. हा बाहेर जायला बघतोय. मी बुजवलं तेव्हा हा आतच होता. रात्रभर आत होता. मी पाय पसरून बसले होते तेव्हा त्या मडक्यांमागे हाच होता. तिने घागर खाली ठेवली आणि चौकट धरली.

इतक्यात झोळी हलली. यादव जागा होत होता. नागाने मान उचलली, फणा काढला आणि त्या हलणाऱ्या कापडाकडे तोंड केलं. मागच्या बायकांनी "जय नागोबा" म्हटलं. रंगूला त्यांचे गळे धरावेसे वाटले.

सांगितलं तर ठमाबाई आज बिऱ्हाड रस्त्यावर टाकणार. पुन्हा कळवण, पुन्हा बारा माणसं. हे सगळं तिच्या मनात आलं, आलं तसं गेलं.

"मावशी," ती म्हणाली, "ते भोक मी बुजवलं. चित्राच्या खाली हाय. तो भोक शोधतोय."

ठमाबाईच्या हातातलं दूध हिंदकळलं. उजळलेला चेहरा पार पांढरा पडला. "मेले! हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

"का, ते कुठं सांगितलं!"

ठमाबाईचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या सासूच्या वेळेपासून तो राखणदार आहे इथला. कुणाला कधी काही केलं नाही त्याने. पण सांगितलं असतं, तर एक तरी बिऱ्हाड टिकलं असतं का गं?"

हे ऐकल्यावर मात्र हात जोडलेली भक्तमंडळी पटापट मागे सरली. देव भेटीला आला म्हणजे एक, आणि कोंडलेला साप म्हणजे दुसरं. दार मोकळं झालं. पण नाग दाराकडे बघायला तयार नाही. जन्मभर ज्या वाटेने गेला, तीच त्याला हवी होती.

"मागून फोडायला पाहिजे," हाजरा म्हणाली.

"आज नाही!" ठमाबाई ओरडली. "आज भिंत उकरायची नाही, खणायचं नाही! वंशाला लागतं!"

रंगूनेही लहानपणापासून ऐकलेलं होतं, पंचमीला खणणाऱ्याच्या घरात काय काय होतं ते. आणि वंश म्हणजे कोण? तिथे झोळीत होता तोच.

"बंदी तुम्हाला," हाजरा म्हणाली. "मला कसली पंचमी? पाप लागलं तर माझ्या नावावर मांडा." आणि घरातून नवऱ्याची भट्टीची जाड सळई उचलून ती मागच्या बोळात पळाली.

पहिला ठोका बसला तसा नाग ताठ उभा राहिला. यादव दचकून रडायला लागला, पाय झाडायला लागला, आणि झोळीच्या कापडाला आतून त्याच्या टाचांचे फुगे यायला लागले. नागाचं तोंड त्या फुग्यांबरोबर इकडून तिकडे. फूऽ असा आवाज दारापर्यंत आला.

"जो जो जो," रंगू उंबऱ्यावरून म्हणायला लागली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, तरी म्हणत राहिली. "जो जो, माझ्या राजा, हलू नको रे, आई हाय, आई इथंच हाय, जो जो." आवाज ओळखून पोर हुंदके देत देत थांबलं. झोळी थांबली. दुसरा ठोका बसला.

तिसऱ्या ठोक्याला भिंतीचा पापुद्रा फुटला. गेरूचा फणा मधोमध तडकला आणि ढेकूळ धप्पकन खाली पडलं. नागाने फणा मिटला, जमिनीला चिकटला आणि सर्रकन मडक्यांमागे गेला.

रंगू कशी धावली, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. झोळी आकड्यावरून निघाली की फाटली, तेही नाही. यादव छातीशी होता, ती गल्लीत होती, एवढंच. ती तिथेच मातीत बसली आणि ढसाढसा रडली.

"आरपार झालं!" हाजरा बोळातून ओरडली आणि सळई टाकून जी पळत सुटली ती पुढच्या दारी येऊनच थांबली. आत बघितलं तर कोपऱ्यात भगदाड पडलेलं, त्यातून उजेडाचा पट्टा जमिनीवर. नागाचा पत्ता नाही.

"गेला का?"

"गेला असणार."

"बघितला कुणी?"

कुणीच बघितला नव्हता. हाजरा तर पाठ करून पळाली होती. मडकी हलवायला जाणार कोण? दिवसभर दार सताड उघडं ठेवून सगळे लांबून बघत राहिले. पुरण करपलं. ठमाबाईने बिऱ्हाडाचं नाव काढलं नाही, ओशाळून एवढंच म्हणाली, "आज बुजवता यायचं नाही. उद्या सकाळी बुजव."

संध्याकाळी रंगूने धीर केला. हाजरा कंदील धरून दारात, आणि ती एकटी आत. सणासाठी आणलेली रांगोळी तिने त्या भगदाडापुढे अंथरली, वीतभर रुंद, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ना ठिपका, ना नक्षी. नुसती सपाट, पांढरी. आत असेल तर रात्रीतून जाईल, आणि जाईल तर खूण उठेल. यादवला घेऊन ती हाजराकडे झोपायला गेली. झोपली कसली म्हणा, रात्रभर पाय पोटाशी घेऊन बसली.

उजाडताच ठमाबाईसकट तिघी आल्या. रंगूच्या एका कडेवर यादव, दुसऱ्या हातात ओल्या मातीचं घमेलं.

रांगोळी मोडली होती. मधोमध एक नागमोडी पट्टा उठला होता, तीन बोटं रुंद, स्वच्छ.

"गेला!" हाजराने टाळी वाजवली. "आता बुजव बाई, चांगलं दगड घालून बुजव!"

रंगूला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. हे घर राहणार. भिंत पुन्हा सारवता येईल, चुना थोडा उरला आहे. यादवला हाजराकडे देऊन ती खाली बसली, मातीचा गोळा दोन्ही हातांत घेतला, भगदाडापाशी वाकली. आणि वाकल्यावर तिला तो पट्टा जवळून दिसला. इकडूनही तसाच. तिकडूनही तसाच.

तिचा हात थांबला.

"मावशी," तिने मान न वळवता विचारलं, "काल दिवसभर दार उघडं होतं, भगदाड उघडं होतं. तो कालच गेला असेल. मग हा पट्टा जातानाचा हाय, का येतानाचा?"

हाजराने यादवला घट्ट धरलं आणि ती एक पाऊल मागे सरली. ठमाबाईने धान्याच्या मडक्यांकडे बघितलं, मग रांगोळीकडे.

रंगूने मातीचा गोळा हळूच घमेल्यात ठेवला.