टेबलाखालची ऋतिका

मित्रांनो, मी अंबरनाथच्या एका बालवाडीतलं जुनं टेबल. माझा एक पाय झिजून आखूड झालाय, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. अंगावर शाईचे डाग आहेत, आणि एका कडेला दातांच्या खुणा. चार वर्षांची मुलं टेबलसुद्धा चावतात, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

माझा जन्म उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला. सुताराने मला पुढून आणि दोन्ही बाजूंनी फळ्या मारून बंद केलं, कारण माझ्या नशिबी कुठल्यातरी साहेबाचं ऑफिस असणार होतं. खुर्चीच्या बाजूने तेवढं उघडं ठेवलं. पण साहेब आले नाहीत, बालवाडी चालवणाऱ्या मंडळाची माणसं आली. दुकानाच्या शेठने माझ्यावर थाप मारली. "ले जाओ साईं, हाथी भी बैठे तो हिलेगा नहीं."

हत्ती काही आला नाही. पण खिचडीचं पातेलं माझ्यावर बसलं, मुलांनी केलेले मातीचे बैल बसले, रडून दमलेली कितीतरी मुलं बसली. बालवाडीच्या विनिताबाई म्हणायच्या, "हे टेबल म्हणजे माझा उजवा हात." मग लोखंडी कपाट आलं, रंगीत प्लास्टिकची टेबलं आली आणि मी कोपऱ्यात सरकलो. मंडळाचे अल्पेशदादा येता-जाता म्हणायचे, "बाई, हे धूड भंगारात टाकूया ना. फुकट जागा खातंय."

त्याच वर्षी ऋतिका आली.

तिला घेऊन तिची मावशी आली होती, कीर्ती. मुलीला आत सोडून ती दाराशी हळू आवाजात बोलत राहिली. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्यांच्या बिल्डिंगचा स्लॅब उन्हाळ्यात खाली आला होता. ऋतिकाची आई घरीच जीन्स शिवायची. वरून माती गळायला लागली तशी तिने मुलीला शिलाई मशीनच्या टेबलाखाली ढकललं. मुलगी वाचली. आई गेली.

"पण तिला सांगितलं नाहीये हं, बाई. आई जांभूळ गावाला गेलीय, मामाकडे, असं सांगितलंय. तुम्ही पण तेच सांगा. एवढंसं पोर, काय कळतंय तिला."

विनिताबाईंनी मान हलवली. त्या वळून बघतात तर ऋतिका वर्गात नाही. ती माझ्याखाली होती. गुडघे पोटाशी, पाठ माझ्या फळीला टेकलेली. इतक्या वर्षांत माझ्यावर सगळं काही ठेवलं गेलं होतं, मित्रांनो, पण माझ्या आत येऊन कुणी बसलं नव्हतं. तिची पाठ उबदार होती, आणि ती थरथरत होती.

खिचडी शिजवणाऱ्या भिमाबाईंनी तिला पहिल्या दिवशी दंडाला धरून बाहेर काढलं. "ये की भायेर, माजी बाय. तिथं काय उंदीर पकडतीस?" मुलं हसली. ऋतिका रडली नाही, ओरडली नाही. हात सुटला तशी परत आत आली. दुसऱ्या दिवशी भिमाबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी आणखी कुणी लाडू दाखवून ओढलं. सगळ्यांचा जीव तिच्यात होता, आणि सगळे तिला ओढत होते.

विनिताबाईंनीच मग ते थांबवलं. "राहू दे तिला. तिची ताटली तिथेच देऊ." त्या मला रोज पुसायच्या, खालचा केर काढायच्या, एक जुनी उशी ठेवायच्या. हळूहळू ऋतिकाचे पाय माझ्या सावलीबाहेर दिसायला लागले. मग एक हात आला, क्रेयॉन उचलायला. मला वाटलं, आता येईल ही. आता येईलच.

तेवढ्यात बालवाडीची दहीहंडी आली.

अल्पेशदादांनी पंख्याच्या हुकाला मडकं टांगलं. "बाई, तिला मी खांद्यावर घेतो. तिच्या हातानेच फोडू. बघा, एकदम खूश होईल पोरगी!" विनिताबाई नको म्हणत होत्या, पण भिमाबाईंनी ऋतिकाला फुगे दाखवून बाहेर आणलं आणि अल्पेशदादांच्या खांद्यावर चढवलं. "येकदा हसली का भीती पळंल, बाई."

मुलं टाळ्या वाजवत होती. अल्पेशदादांनी तिच्या हातात काठी धरवून मारली आणि मडकं फुटलं. तिच्या डोक्यावर खापऱ्या, लाह्या, दही, सगळं वरून कोसळलं.

ती खांद्यावरून घसरली आणि माझ्याखाली शिरली. तिची चड्डी ओली झाली होती. अल्पेशदादा काठी हातात धरून तसेच उभे राहिले. भिमाबाई तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. "माज्या हातानी धाडली गं मी तिला."

विनिताबाईंनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. माझ्या उघड्या बाजूला त्या फरशीवर बसल्या. हात पुढे केला नाही.

"घाबरलीस ना? मी पण घाबरले."

मग आतून आवाज आला, "आई रागावेल."

"का गं, बाळा?"

"मी आधीच बाहेर आले. आई म्हणाली होती, मी हाक मारेपर्यंत यायचं नाही. सगळे मला ओढतात." तिने उशी जवळ ओढली. "बाई, जांभूळवरून हाक ऐकू येते?"

विनिताबाईंनी उठून कीर्तीला बोलावलं, मुलीला आता खरं सांगूया म्हणाल्या.

कीर्ती ऐकूनच हात जोडायला लागली. "नका ना, बाई. मोडून जाईल ती."

"ती वाट बघतेय, कीर्ती. आपण तिला वाट बघायला लावतोय."

कीर्ती माझ्यापुढे बसली. "रितू, आई जांभूळला नाही गेली. मी खोटं बोलले. स्लॅब पडला ना, त्यात आई वारली. वारली म्हणजे ती आता येणार नाही. तिला हाक मारायची होती, सोन्या, पण आता तिला नाही मारता येणार. तू बाहेर आलीस ते काही चुकलं नाही."

तेव्हा ऋतिका रडली. स्लॅब पडला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, मोठ्याने. कपाळ माझ्या फळीवर आपटून आपटून रडली. मी नुसता उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "मग तू मार ना हाक."

"आईसारखी?"

"नाही. तुझीच."

कीर्ती उठून दारापर्यंत गेली. भिंतीला धरून उभी राहिली. "रितू," तिने हाक मारली, "ये गं बाहेर."

आणि रितू रांगत बाहेर आली. केसांत लाह्या तशाच.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्याखाली बसली, मित्रांनो. तिसऱ्या दिवशीही. दुःख एका हाकेत सरत नाही. आजही पंखा कुरकुरला तर ती धावत येते. पण आता कीर्ती रोज न्यायला येते तेव्हा दारातूनच हाक मारते, आणि ऋतिका हाक ऐकून उठते.

तुमच्या वर्गात कुणी असं कोपऱ्यात जाऊन बसलं, तर त्याला हसू नका, ओढू नका. जरा शेजारी बसा. आणि घरच्या मोठ्या माणसांना माझा एक निरोप द्या: लहान मुलं फार फार वेळ वाट बघू शकतात. म्हणून त्यांना आधी खरं सांगा, आणि मग हाक मारा.