ताटली पुढे

"उद्या तरी ताटली पुढे ढकलू नका," चर्चचे पाळकसाहेब म्हणाले आणि नको नको म्हणत तिसरं बिस्कीट उचललं.

पाववाला पीठ मळत होता. उद्याच्या प्रभुभोजनाचा पाव होता तो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीला लागणारा पाव त्याच्याच भट्टीतून जायचा, त्याच्या वडिलांच्या काळापासून. सगळी मंडळी त्यातला घासभर तुकडा खायची. खात नव्हता तो फक्त करणारा. चर्चमध्ये बाकावर त्या तुकड्यांची ताटली आली की दोन्ही हातांनी अदबीने घ्यायची आणि शेजारी बायकोच्या हातात द्यायची, हा त्याचा गेल्या कित्येक वर्षांचा शिरस्ता. भावाविषयी मनात अढी असेल तर आधी समेट करा, मग या मेजाजवळ या, असं स्वतः पाळकच दर वेळी वाचून दाखवत. बाकीचे ते ऐकत आणि खात. हा ऐके आणि खात नसे. एवढ्यावरून मंडळीने त्याचं नाव ठेवलं होतं 'करपलेला'.

"उद्या तुमचा धाकटा भाऊ मंडळीचा पंच होणार. बाहेरगावचे पाहुणे येणार. सख्खा भाऊच ताटली नाकारतोय हे बरं दिसतं का?"

"दिसण्यासाठी खायचं असतं होय?"

"तो देवापाशी रडलाय हो. सगळ्या मंडळीसमोर रडलाय."

"माझ्यापाशी नाही रडला."

"देवापेक्षा तुम्ही मोठे?"

"छे! पण पोरगी माझी होती." पाववाल्याने पिठाचा गोळा उचलून फळीवर आपटला. "आणि साहेब, मला एक सांगा. पोरगी अचानक धावत आली असं तो मंडळीपुढच्या दर साक्षीत सांगतो. धावत आली असेल तर त्याची चूक काय? आणि चूकच नसेल, तर देवानं त्याला माफी कशाची दिली?"

पाळकसाहेबांनी चहात पाहिलं. उरलेला घोट संपवला. "त्याला संध्याकाळी पाठवतो," एवढं म्हणून ते उठले.

पोरगी होती तेव्हा बेकरीची गाडी धाकटा चालवायचा. अंगणातून गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून मागे बघायचं, पत्र्यावर थाप मारायची आणि 'बाजूला व्हा' म्हणून ओरडायचं, हा वडिलांनी घालून दिलेला नियम होता. त्या दिवशी त्याला घाई होती. चाकामागे गुंडी बसली होती. पाववाल्याची पोरगी. खरं नाव वेगळं, पण शर्टाच्या गुंडीएवढीच म्हणून सगळे गुंडी म्हणायचे. पाववाल्याने भट्टीशेजारच्या खिडकीतून ते पाहिलं. ओरडला तो, पण भट्टीच्या धडधडीत त्याचं ओरडणं त्यालासुद्धा ऐकू आलं नाही.

गुंडीच्या दफनाच्या दिवशी त्याने पंचांना बाजूला घेऊन सांगून पाहिलं होतं, की पोर बसली होती, ह्याने पाहिलं नाही. तेव्हाच्या पंचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, दुःखात माणसाला काहीबाही दिसतं. त्यानंतर त्याने तोंडाला कुलूप लावलं. धाकट्याची मात्र साक्ष पिकत गेली. पापाच्या चिखलातून देवाने कसं उचललं हे तो इतकं सुंदर सांगे, की दुसऱ्या मंडळ्यांतून त्याला बोलावणी येत. जिचा जीव गेला ती त्या साक्षीत एका वाक्यापुरती यायची, तीही धावत.

आणि बायको? ती मान खाली घालून तुकडा खायची. धाकटा तापाने पडला तेव्हा त्याच्या घरी भात घेऊन गेली होती. हिचं मन लोण्याचं, आपलं भट्टीतल्या विटेचं, असं पाववाला स्वतःशी म्हणायचा. खरं तर तिचा त्याला रागच होता. इतकं पटकन माफ करायला ती पोर काय दारचं मांजर होती? पण हे त्याने कधी विचारलं नाही. त्या घरात गुंडीचा विषय निघतच नसे.

संध्याकाळी धाकटा आला. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून पिठाच्या पोत्यावर न बसता उभाच राहिला.

"दादा, पाळक म्हणाले जाऊन ये. आलो."

"बरं केलंस."

"जुनं उकरायचं नाही आता. मी सगळं देवाच्या पायाशी टाकून मोकळा झालोय."

"काय काय टाकलंस?"

"सगळं."

"सगळं म्हणजे काय, ते एकदा मला सांग. मीही त्याच्या पाया पडतो रे. मला तिथं काही दिसलं नाही."

धाकटा चिडला. "मागं बघितलं नाही मी! खाली उतरलो नाही, थाप मारली नाही, ओरडलो नाही. झालं समाधान? देवाला केव्हाच सांगितलंय मी."

"आणि ती धावत आली होती?"

भट्टीत लाकूड तडतडलं. धाकट्याने वर पाहिलं तेव्हा तो एकदम लहानपणीचा दिसला, पतंग फाडून आलेला.

"नव्हती, दादा. बसली होती."

पाववाल्याचा पिठाने भरलेला हात आपोआप पुढे झाला. इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी तो उपाशी राहिला होता ते वाक्य आलं होतं. इस्त्रीचा शर्ट, पंचाची खुर्ची, सगळं त्या क्षणी त्याने माफ केलं असतं.

"पण हे आपल्या दोघांत हं," धाकटा म्हणाला. "उद्या माझी पोरं समोर असणार."

हात पुन्हा पिठात गेला.

"उद्या साक्षीत एवढंच बोल," पाववाला म्हणाला. "बसली होती, मी पाहिलं नाही. दोनच वाक्यं. तू बोललास की मी खातो. मग आपलं काही राहिलं नाही."

"बघतो," धाकटा म्हणाला. आणि वळला तो तिथेच थांबला, कारण दारात चहाचे कप घेऊन वहिनी उभी होती.

"बसली होती?" तिने विचारलं.

कुणी बोललं नाही. धाकटा तिच्या बाजूने अंग चोरून निघून गेला. तिने कप फळीवर ठेवले, एकाशेजारी एक नीट सरळ केले.

"मी आतून हाक मारली होती तिला. जेवायला ये म्हणून. मला वाटलं, माझ्या हाकेला धावली."

"मला कधी बोलली नाहीस!"

"काय बोलणार? तुम्ही ताटली माझ्या हातात द्यायचात, तुकडा न घेता. मला वाटायचं, माझी हाक तुम्हाला कळली असेल, म्हणून हिच्या शेजारी बसून कसं खाऊ, असं म्हणताय."

पाववाला पोत्यावर बसला. भावाला शिक्षा म्हणून पाळलेला उपास इतकी वर्षं कुणाला लागत होता, हे त्याला आत्ता कळलं. पाव भट्टीत होता. थोडा करपला.

आशा मोठी चिवट असते. रविवारी पाववाला दाढी करून, स्वच्छ कपडे घालून वेळेआधी बाकावर जाऊन बसला. मान्य करायचं तर त्याला भूक लागली होती, त्या तुकड्याची.

धाकटा साक्षीला उभा राहिला. "माझ्या हातून एक जीव गेला," त्याने सुरुवात केली आणि थांबला. त्याने भावाच्या बाकाकडे पाहिलं. मग पहिल्या ओळीतल्या आपल्या पोरांकडे, पाहुण्यांकडे. घसा साफ केला. "माझी पुतणी. मी गाडी मागे घेत होतो. पोर अचानक धावत आली..."

मंडळी आमेन म्हणाली.

नवा पंच म्हणून ताटली त्यालाच फिरवायची होती. तो बाकाच्या टोकाशी आला. पाववाल्याने दोन्ही हातांनी ताटली घेतली आणि नेहमीप्रमाणे बायकोकडे दिली. तिने ती मांडीवर धरली, क्षणभर तुकड्यांकडे पाहिलं आणि पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्या नर्सबाईंकडे सरकवली.

"अगं, घे ना. विसरलीस," नर्सबाई कुजबुजल्या.

"विसरले नाही," ती म्हणाली. हळू आवाजात नाही, पुढच्या दोन बाकांना ऐकू जाईल अशा. धाकट्याचा रिकामा हात तसाच राहिला आणि ताटली पुढे गेली.

उपासनेनंतर त्यांच्याशी फारसं कुणी बोललं नाही. आता मंडळीत करपलेले दोन झाले. एरवी ती बायकांच्या घोळक्यात पुढे चालायची. आज त्याच्या बरोबरीने चालली, घरापर्यंत.

बेकरीच्या अंगणात ती थांबली. हा कोपरा ती इतकी वर्षं वळसा घालून टाळत आली होती.

"इथं?"

"जरा अलीकडे. भिंतीशी."

"काय करत होती?"

"मी उरलेलं पीठ दिलं होतं ना. त्याचे गोळे करून ओळीनं मांडत होती. बेकरी-बेकरी."

"मी हाक मारली तेव्हा?"

"मान वर केली नाही तिनं," पाववाला म्हणाला. "खेळात असली की तुझं कधी ऐकलंय का कार्टीनं?"

बायकोने तोंडावर पदर धरला. मग रविवारच्या कपड्यांनिशी ती भिंतीशी, धुळीत, फतकल मारून बसली. थोड्या वेळाने तोही गुडघ्यांवर हात टेकत तिच्या शेजारी बसला. आणखी कुणी बसलं असतं तर मावावं एवढी जागा दोघांनी मध्ये सोडली होती.