माझ्यामुळे गेलेले चार मार्क

मी एक जुनी घोडी आहे. मित्रांनो, हसू नका. मला शेपूट नाही, आयाळ नाही आणि जन्मात मी कधी एक पाऊलही धावले नाही. लोखंडी नळीचे चार पाय, वर जाळीची पाठ, पाठीवर कापसाची गादी आणि गादीवर जागोजागी करपलेलं कापड, एवढंच माझं अंग. दुकानात मला इस्त्रीचं टेबल म्हणायचे. पण ज्या हॉटेलात मला आणलं, तिथल्या धुलाईखात्यातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी माझं नाव घोडी ठेवलं आणि ते मला चिकटलं ते चिकटलंच.

ते धुलाईखातं तळघरात होतं. खिडकी नावाला नाही. डोक्यावर गरम पाण्याचे नळ आणि शेजारी कपडे धुण्याची दोन मोठी यंत्रं दिवसभर गुरगुरत असायची. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे आम्हाला येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बुटांवरून कळायचं. तिथे मी अकरा वर्षं काढली. मला चार पाय आहेत, पण ते माझ्या हुकमतीत नाहीत. कोणी उघडलं तर उघडायचं, कोणी मिटलं तर मिटायचं. तक्रार कोणाकडे करणार?

माझ्यावर काम करणारा माणूस एकच. त्याला सगळे मौनी म्हणायचे. 'हो', 'नाही' आणि 'झालं' या तीन शब्दांवर त्याचा दिवस निघायचा. चार माणसं समोर आली की त्याच्या घशाला कुलूप लागायचं. पण खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. यंत्रं सुरू झाली की मौनी बोलायचा. खाली मान घालून, इस्त्रीच्या तालावर. "आता कॉलर. टोकाकडून मधे ये. घाई नको, बाई, घाई नको." मला वाटायचं, हा माझ्याशीच बोलतोय. कदाचित तो कपड्यांना समजावत असेल. पण मी आपली फुशारून जायचे.

मग माझी खिट्टी झिजली. खिट्टी म्हणजे पोटाखालचा तो लोखंडी खटका, ज्यामुळे माझे पाय उघडे राहतात. वजन भलतीकडे पडलं की मी मटकन खाली बसायला लागले. एकदा बसले तेव्हा एका पाहुण्याचा सदरा जळला. मॅनेजरने मला भंगारात काढलं. ज्या पाठीवर हजारो चादरी सरळ झाल्या, जाताना तिच्याकडे कोणी वळूनही बघितलं नाही. फक्त मौनीने मला खांद्यावर टाकलं आणि घरी आणलं.

घर दोन खोल्यांचं. मौनी, त्याची बायको आणि तिची आई, अशी तीन माणसं. बायको म्हणाली, "इथे माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि तुम्ही घोडी घेऊन आलात?" तिचंही खरंच होतं. मला मिटून कपाट आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत सरकवलं. तिथे मी सहा वर्षं होते. समोर कपाटाची गंजकी पाठ, मागे भिंत. तळघर परवडलं, असं वाटायचे दिवस होते ते.

मौनीची गतही माझ्याहून फार बरी नव्हती. धुलाईखात्याच्या सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती. तो वरच्या मजल्यावर बसतो, आणि त्याच्या टेबलाशेजारी खिडकी आहे. मौनीने बायकोला पगार सांगितला नाही, खिडकी सांगितली. पण त्या जागेला पदवी लागते. म्हणून तो घरबसल्या एका ऑनलाइन कॉलेजात शिकत होता. सगळे विषय सुटले, एकच राहिला. भाषणकला. त्यात तो दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला की नाव कमी, असा नियम होता. म्हणजे पदवी गेली, खिडकी गेली, आणि उरलेली नोकरी पुन्हा त्या नळांखाली.

हा विषय पडद्यावरून शिकवणाऱ्या बाईंचे नियम कडक होते. भाषण पाच मिनिटं उभं राहून द्यायचं आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. मधे थांबवून जोडकाम चालणार नाही. वाचायचं नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला हवा. आणि समोर पाच मोठी माणसं बसलेली दिसली पाहिजेत, सुरुवातीला आणि शेवटीही. कॅमेऱ्याच्या उंचीपायी माझी आठवण झाली. मला फटीतून ओढून काढलं, झटकलं, आणि पाठीवर चार पुस्तकं ठेवून त्यांवर लॅपटॉप ठेवला. सहा वर्षांनी पाय पसरले, मित्रांनो. पण इस्त्रीऐवजी तो थंडगार डबा. असो.

आधीची भाषणं त्याने कशीबशी ढकलली होती. शेवटचं राहिलं होतं, सगळ्यात जास्त मार्कांचं. एखादं काम करून दाखवत समजावून सांगायचं. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवलं नाही तर शून्य.

आता एवढी सोपी परीक्षा कोणाला मिळते? पण मौनीला वाटलं, कॉलेजात इस्त्रीचं काय सांगायचं, लोक हसतील. त्याने 'आग विझवण्याचं यंत्र कसं वापरावं' हा विषय घेतला. यंत्र घरात नव्हतं, म्हणून पाण्याची बाटली हातात धरली. भाषण घोटून पाठ केलं. कपाळावर हात मारावा म्हटलं तर मला हात नाहीत.

रविवारी चार वाजता पलंगावर आणि खुर्च्यांवर पाच माणसं बसली. बायको, सासूबाई, शेजारचे शिंपीकाका, त्यांच्या काकू आणि हॉटेलातला आचारी. आचारी हा मौनीचा एकुलता एक मित्र. त्याला सहाच्या पाळीला जायचं होतं, म्हणून तो आपला पांढरा कोट पिशवीत घालूनच आला होता.

"नमस्कार. आग ही..." मौनी म्हणाला, आणि थांबला.

पुन्हा सुरुवात. "नमस्कार. आग ही..." कुलूप. नऊ वेळा असं झालं. मी अगदी समोरून त्याला बघत होते. आत सगळं होतं, फक्त बाहेर येत नव्हतं. सहा वर्षं फटीत उभी राहिलेली मी, मला ते समजत होतं.

पाच वाजत आले. काकूंनी जांभई दिली.

सासूबाई शाळेत आया होत्या, निवृत्त झाल्या तरी दरारा गेला नव्हता. त्या म्हणाल्या, "जावईबापू, ही आग आता आपोआप विझली असेल."

सगळे हसले. मौनीही कसनुसा हसला आणि बाटली खाली ठेवली. "नाही जमत," तो म्हणाला. "जा सगळे. तुमचा रविवार उगाच खाल्ला."

कोणीच उठलं नाही. बायको मान खाली घालून बसली. तिला रडू येत होतं, पण आईसमोर ती रडणार नव्हती. शेवटी आचाऱ्याने पिशवीतून कोट काढला. चुरगळून बोळा झाला होता. "मौन्या, भाषण राहू दे. जाता जाता एवढ्यावर इस्त्री तरी मार. असा गेलो तर मोठा आचारी मला सोलेल."

मौनीने लॅपटॉप उचलून कपाटाच्या खणात ठेवला आणि माझ्या पाठीवर कोट पसरला. इस्त्री तापली. बोटांनी पाणी शिंपडलं. किती वर्षांनी तो चर्रर्र आवाज झाला.

"मी घरी करतो तेव्हा कॉलरच्या टोकाला घडी पडतेच," आचारी म्हणाला. "तुझी कशी पडत नाही रे?"

"तू मधून टोकाकडे जातोस," मौनी मान वर न करता म्हणाला. "मग सगळा चोळामोळा टोकाला गोळा होतो. टोकाकडून मधे यायचं. तेही आधी आतल्या बाजूने." आणि तो एकदम थांबला. इस्त्री उभी केली. कोटाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग लॅपटॉपकडे बोट दाखवून बायकोला म्हणाला, "ते लाव."

बायको दवाखान्यात रोग्यांचे नंबर पुकारते, बावरणारी नाही. तिने बटण दाबलं, स्वतःसकट पाचही जणांवरून कॅमेरा फिरवला, तो नवऱ्यावर नेमून ठेवला आणि जागेवर येऊन बसली.

"नमस्कार," मौनी म्हणाला. "हा आचाऱ्याचा कोट आहे. सुती आहे, म्हणून थोडा ओला असतानाच इस्त्री करायची." आणि मग तो बोलतच राहिला, अगदी तळघरात बोलायचा तसा, फक्त आता सगळ्यांना ऐकू येत होतं. आधी कॉलर, मग मनगटं, मग बाह्या. बटणांची बाजू जाड टॉवेलवर पालथी घालायची, म्हणजे बटणं टॉवेलात रुततात आणि कापड सपाट राहतं. शिंपीकाका पुढे सरकून बसले. त्यांनी जन्मभर कपडे शिवले, पण ही गोष्ट त्यांना नवीन होती.

आणि पाठीचा भाग आला तेव्हा माझी खिट्टी सुटली.

मी घाबरले, मित्रांनो. आता बसले असते तर एका माणसाचं सगळं आयुष्य घेऊन बसले असते. मी अंग आवळलं, पण माझ्या आवळण्याने काय होणार? तेवढ्यात त्याचा गुडघा खालून माझ्या पोटाला लागला.

"ही घोडी जुनी आहे," तो शांतपणे म्हणाला. इस्त्री चालूच होती. "हिची खिट्टी झिजली आहे. जुनी वस्तू कुठे आधार मागते हे माहीत असलं की ती टाकावी लागत नाही. आता पाठ करू या." एका पायावर उभं राहून त्याने उरलेली दोन मिनिटं पुरी केली. कोट हँगरला लावला, "धन्यवाद" म्हणाला, आणि बायकोने पुन्हा पाचही जण दाखवले. सासूबाई तोंडावर हात धरून बसल्या होत्या. पावणेसहाला भाषण गेलं.

आठ दिवसांनी निकाल आला. सगळी भाषणं मिळून शंभरात एक्केचाळीस. पास व्हायला चाळीस लागतात. बायकोने बाईंचा शेरा नंबर पुकारावा तसा मोठ्याने वाचला. "विषयावर उत्तम पकड. आवाज स्पष्ट. मात्र वक्त्याने श्रोत्यांकडे एकदाही पाहिलं नाही. तो पूर्ण वेळ टेबलाकडे पाहून बोलत होता. त्याबद्दल चार गुण कमी."

मी शरमेने मेले. अजून दोन गुण कमी झाले असते तर? आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. म्हणजे तळघरातही तो माझ्याशीच बोलत होता.

मौनी मला मिटायला आला. त्याने गादीवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "चार मार्क खाल्लेस, बाई."

आता तो खिडकीजवळ बसतो. रोज सकाळी चौदा माणसांना काम समजावून सांगतो, त्यांच्या डोळ्यांत बघून. मी पुन्हा फटीत आहे. पुढे कपाट, मागे भिंत. तुमच्याही घरात अशी एखादी फट असेल, आणि वर्गात एखादा गप्प बसणारा असेल. त्याला काही येत नाही, असं इतक्यात ठरवू नका. त्याच्या हातात त्याचं काम द्या आणि पाच मिनिटं बसून राहा.

आणि कोणी कपाट हलवलंच, तर माझ्या खिट्टीला थेंबभर तेल घाला. तो पुन्हा कधी अडला, तर मला उभं राहता आलं पाहिजे.