तुळसेच्या डाव्या कुशीचा फळा

बसा जरा. कचरू नका, मोडणारा नाही मी. कोलशेतच्या खाडीकाठी जी शाळा आहे, तिच्या ओट्यावर हा काळपट, रुंद बाक दिसतोय ना, तोच मी. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. त्या वासामुळे एका सकाळी या गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेरा वर्षं मी या शाळेचा फळा होतो, आणि त्याआधी तीस वर्षं होडी. दोन जन्म एकाच लाकडात काढलेत मी. थोडा तोरा दाखवला तर खपवून घ्या.

मी अस्सल साग. भिवाजी नाखव्यानं मला बांधून घेतलं आणि बायकोचं नाव दिलं, तुळसा. त्याच्यामागून त्याचा मुलगा धाकू माझ्यावर बसू लागला. भरती-ओहोटी त्याला घड्याळ न बघता कळायची. कोलंबी, बोयट, चिंबोऱ्या, जे खाडी देईल ते आम्ही दोघं घरी आणायचो.

दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी धाकू मला किनाऱ्यावर उलटं घालायचा आणि मुशीच्या तेलानं माखायचा. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल लाकडात मुरलं, की पाणी आत शिरत नाही. धाकू फडक्यानं नाही, तळहातानं तेल लावायचा. आई तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना चोळते ना, अगदी तसं. माणसं देवाला तेल वाहतात ती काही मागण्यासाठी. धाकू मला द्यायचा तो फक्त प्रेमानं, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

पुढे खाडीचं पाणी बदललं. काठावर कारखाने आले, मासळी कमी झाली. धाकूनं एका कारखान्यात रखवालदारी धरली आणि मी किनाऱ्यावर पालथा पडलो. अंगावर शेळ्या बसायच्या. होडीवर शेळी बसणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. पण ड्युटीवरून येताना धाकू रोज माझ्या कुशीवर एक थाप मारून जायचा, तेवढ्यावर मी दिवस काढत होतो.

सन १९८६. धाकूची धाकटी लेक जनी चौथी पास झाली, तीही वर्गात पहिली. शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीसाठी ठाण्याला बसनं जावं लागे. मुलगे जात. मुली चौथी झाली की पाटावर बसून कोलंबी सोलायला लागत. जनीची थोरली बहीण लक्ष्मी तशीच बसली होती, आणि ते तिच्या आईला, मनुबाईला, आतून लागलं होतं.

मनुबाई कळव्याला दारोदार म्हावरं विकायची. बाई आवाजाची खणखणीत आणि मनाची त्याहून पक्की. शाळेचे चांगदेव मास्तर कळव्यालाच राहायचे. साताऱ्याकडचे, माळकरी, मासळीला न शिवणारे. तरी एका सकाळी मनुबाई टोपलीसकट त्यांच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, म्हावरं नाय इकाला आयले. माजे जनीला पाचवी पायजे. आपले गावान पायजे."

मास्तरांनी अर्ज लिहिला. गावानं सह्या केल्या, आंगठे उठवले. मे महिन्यात शिक्षण खात्याचे साहेब येऊन शाळा बघून गेले. माणूस सरळ होता. म्हणाले, "पाचवीला खोली हवी, फळा हवा आणि निदान वीस मुलं हवीत. सरकारी फळा दिवाळीनंतर येईल, तोवर तुमची सोय तुम्ही करा. शाळा उघडेल त्या दिवशी अकरा वाजता मी येतो. तिन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसल्या तर वर्ग सुरू. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते मनुबाईला ठाऊक होतं. वर्षभर पाटावर बसलेली मुलगी परत उठत नाही.

मग गाव कामाला लागला. गावकीची जाळी ठेवायची खोली रिकामी झाली. बायकांनी भिंतींना चुना दिला, पुरुषांनी छपराची कौलं चाळली. सीताराम शिंप्यानं मशीन दारात मांडलं आणि रेडिओ ऐकत ऐकत निळ्या स्कर्टांचा ढीग शिवला. उरलेल्या शिडाच्या कापडाची दप्तरंही शिवली. त्या दप्तरांना खारा वास यायचा. मला तो फार आवडायचा. थोरल्या पोरांची जुनी पुस्तकं धाकट्यांकडे आली, त्यांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं चढली. मनुबाई घरोघरी फिरून मुलं मोजत होती. जिथं आई 'बघू' म्हणायची, तिथं ती उंबऱ्यावर फतकल मारून बसायची, 'हो' म्हणेपर्यंत. अशी बावीस मुलं झाली, त्यात चौदा मुली.

फळा मात्र नव्हता.

एका संध्याकाळी धाकू माझ्याजवळ आला. थाप मारली नाही. नुसता हात ठेवून उभा राहिला. बाजूला जनी होती.

"जने, ही तुजे आजीच्या नावाची होरी," तो म्हणाला. "सरपनाला नाय दिली मी. कुनाला इकली नाय. शालेला देतंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यापुढे नारळ फोडला आणि सुताराला बोलावलं. माझ्या डाव्या कुशीच्या चार फळ्या काढल्या, रंधल्या, मागून पट्ट्या मारून जोडल्या. खिळ्यांची भोकं लाकडाच्या खुंट्यांनी बुजवली. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पाण्यावर चाललेल्याला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, आणि तेही कायमचं! दोन दिवस मी रुसून होतो.

मग मुलं आली. त्यांनी गावभरातून संपलेले सेल गोळा केले होते. मास्तरांनी ते फोडायला लावले, आतली काळी पूड काढली, ती पाल्याच्या रसात कालवली आणि मला तीन हात दिले. मी काळा कुळकुळीत झालो. मास्तरांनी खडूनं कोपऱ्यात एक रेघ ओढली. पांढरीशुभ्र. अंगावर कधी असं काही उमटलं नव्हतं माझ्या. रुसवा तिथंच गेला.

"आता याला कुणी हात लावू नका," असं सांगून मास्तर कळव्याला गेले. कुणी म्हणजे कोण, ते सांगायचं राहिलं.

शाळा उघडायच्या आदल्या दुपारी धाकू एकटाच वर्गात आला. मला न्याहाळलं, अंगठ्यानं दाबलं. मी रखरखीत झालो होतो, दोन सांध्यांत बारीक चिरा होत्या. धाकूच्या जिवाला ते बघवेना. उद्या लेकीच्या वर्गाचा पहिला दिवस, म्हणजे हंगामाची सुरुवातच की! आणि हंगामाआधी लाकूड कोरडं ठेवतात होय? तो घरी गेला आणि मुशीच्या तेलाचा डबा घेऊन आला. उरलासुरला सगळा डबा त्यानं तळहातानं माझ्या अंगात जिरवला, आणि जाताना वर झेंडूची माळ घातली.

खोटं कशाला सांगू? मला इतकं बरं वाटलं की मी घटाघटा प्यायलो. चूक एकट्या धाकूची नव्हती. फळा झालो होतो, पण तहान अजून होडीचीच होती.

सकाळी आठला बावीस मुलं तेल लावून, भांग पाडून, नव्या कपड्यांत ओळीनं बसली. दारात अर्धा गाव. मास्तर आत आले, थबकले, वास घेतला. खडू उचलला आणि माझ्यावर टेकवला. खडू सर्रकन घसरला. पुन्हा दाबून ओढला, मोडला. माझ्या चकाकत्या अंगावर एक ठिपकासुद्धा उमटला नाही.

"हे कुणी केलं?" मास्तरांनी वळून विचारलं.

धाकू पुढे झाला. तोंडावर अजून कौतुकाच्या अपेक्षेचं हसू होतं. "मी. होरीला लावतू ना, तसाच. दोन हात दिले, मास्तर."

मनुबाईनं कपाळावर हात मारला. "आरं, ती आता होरी नाय रं! साहेब अकराला येनार. त्याला काय दाखवू, तुजा तेल?"

धाकूचं हसू विझलं. त्यानं स्वतःच्या तळहातांकडे बघितलं, मग जनीकडे. जनी रडत नव्हती. नुसती बापाकडे बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं. त्या घटकेला मला मी ओंडका असतो तर बरं, असं झालं.

तेवढ्यात गर्दीतून दगडाबाई पुढे आली. गावातली सगळ्यात म्हातारी, बोटं कोलंबीच्या काट्यांनी खडबडलेली. "रडता कनाला? म्हावरं तललेली कढय कशानी घासता गं? राखेनीच ना? मग आना राख!"

बायका पळाल्या. घराघरांतल्या चुली उपसल्या गेल्या. गरम गरम राख माझ्यावर थापली आणि नारळाच्या काथ्यानं मला घासायला सुरुवात झाली. आठ-दहा बायका, नव्या साड्यांचे पदर खोचून. तेल निघेना म्हणून सीताराम शिंपी कोळशाची इस्त्री घेऊन धावला. राखेवर जुनं फडकं, फडक्यावर इस्त्री! उष्णतेनं तेल वर येई, राख ते शोषून घेई, बायका ती झटकून नवी थापत. भाजून निघालो मी. पण एक शब्द बोललो नाही. माझंही देणं होतं त्यात.

दहा वाजले. मी कोरडा झालो, पण काळेपणा पार गेला. आता सेल? संपलेले सगळे आधीच वापरले होते. तेव्हा सीतारामनं आपल्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं आणि परवाच घातलेले चार सेल काढून दगडावर ठेवले. ज्याचं मशीन रेडिओशिवाय चालत नाही असा माणूस तो. मग कुणी बॅटरीचे आणले, कुणी ट्रान्झिस्टरचे. त्या सकाळी कोळीवाड्यात एकही रेडिओ बोलत नव्हता. पूड कालवली, हातांनीच मला माखलं, आणि वरून पुन्हा इस्त्रीची धग दाखवली. या सगळ्यात धाकू काय करत होता? दगडानं सेल फोडत होता. मान वर न करता.

साहेब अकराला दोन मिनिटं असताना आले. खोली बघितली, मुलं मोजली. मग माझ्यासमोर आले. "एखाद्या मुलानं लिहून दाखवावं."

मास्तरांनी जनीकडे बघितलं. ती उठली. खडू घेऊन खालच्या उजव्या कोपऱ्याशी गेली, हलकेच बोट फिरवलं आणि थांबली. तिथं तेल खोल मुरलं होतं, ते काही निघालं नव्हतं. कोळ्याची पोर ती, लाकूड ओळखते. तिनं तो कोपरा सोडला, चवड्यांवर उभी राहिली आणि वर, अगदी माझ्या छातीवर लिहिलं: इयत्ता पाचवी. पट बावीस.

अक्षर न अक्षर उमटलं. सांगतो, तीस वर्षं लाटांवर नाचलो, पण तेव्हासारखा कधी उचंबळलो नाही.

साहेबांनी कागदावर सही केली. मग दारातल्या बायकांच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे बघून म्हणाले, "हे काय?"

मनुबाई म्हणाली, "शालेची तयारी, साहेब."

तेव्हापासून प्रथाच पडली. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी बायका राख घेऊन येत, मला घासत, पुरुष सेल फोडत, मुलं पाला वाटत. ते झाल्याशिवाय वर्ग भरायचा नाही. सरकारी फळा आला तो चौथीला दिला. पुढे पाचवीची सहावी झाली, सहावीची सातवी. धाकू दरवर्षी यायचा, पण मला फक्त कोरडा हात लावायचा. डबा घरीच ठेवायचा. माझा तो तेलकट कोपरा मात्र कधीच सुधारला नाही. दर नव्या वर्गाला मास्तर सांगत, "तिथं लिहू नका, ती धाकूबाबांची जागा."

जनी सातवीपर्यंत माझ्यासमोर बसली, मग ठाण्याला गेली, डी.एड. झाली. आणि १९९८ च्या जूनमध्ये माझ्यासमोर येऊन तिनं खडू उचलला, तो जनाबाई म्हणून. पहिल्या दिवशी तिनं कोपऱ्यावर बोट फिरवलं तसंच. विसरली नव्हती.

गेल्या वर्षी भिंतीवर सिमेंटचा हिरवा फळा आला. चांगला आहे, मी त्याच्यावर जळत नाही. मला भिंतीवरून उतरवलं तेव्हा कुणी म्हणालं, आता याचं काय करायचं? जनीनं सुताराला बोलावलं, खाली पाय लावून घेतले आणि मला इथं ओट्यावर ठेवलं. दोन्ही बाजूंनी पाय सोडून बसता येतं.

त्या संध्याकाळी धाकू आला. केस पांढरे, पाठीत वाकलेला. हातात डबा. माझ्याजवळ बसला, पण झाकण काढलं नाही. लेकीकडे बघून त्यानं विचारलं,

"जने, आता लावू?"

 जनी बापाशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "लाव, बाबा. पोटभर लाव."

तेरा वर्षांनी तो तळहात तेल घेऊन माझ्यावरून फिरला. सुरकुतला होता, पण तोच होता.

आता जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा पहिलीच्या मुलांना सोडायला आलेल्या आया माझ्यावर बसतात. मुलं आत रडतात, आया बाहेर. तुम्हीही कधी आलात तर बसा. कपड्यांना थोडा वास लागेल, तेवढा घरी न्या. एखादी चिमुरडी वर्गात जायला नको म्हणून माझ्यावरच खडूनं रेघ ओढायला बघते. खडू घसरतो. ती माझ्याकडे रागानं बघते, आणि मला हसू येतं. माझ्यावरचं लिहून झालं गं बाय. आत जा, तुझं सुरू कर.