पोट सुटलेली चिमणी

या मंडळी, जरा टेका. मी साचा, चिमणीचा साचा. कापडावर मला ठेवायचं, वरून रंग उडवायचा, मला उचललं की खाली चिमणी. एवढाच माझा धंदा.

जन्माने मी एक्सरे, आजोबांच्या डाव्या गुडघ्याचा. डॉक्टरांनी उजेडात धरून बघितला, मान हलवली, आणि मी घरी येऊन कपाटावर पडलो तो तीन वर्षं. माणसं गुडघा विसरत नाहीत, एक्सरे मात्र विसरतात. माझी काही तक्रार नव्हती.

मग एक रविवार आला. सूनबाईंनी चार दिवस खपून लेकीला पांढरा झगा शिवला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत तिचं गाणं होतं. लेकीने झगा अंगाला लावून बघितला आणि गाल फुगवून बसली.

"ही तर चादर आहे!"

"चादरीचं कापड आहे गं. चादर नाही."

"मग मी जाणारच नाही गायला."

आई झग्याची घडी घालायला लागली, फार सावकाश. ते आजोबांना बघवलं नाही. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. "थांब गं," ते नातीला म्हणाले, "तुझ्या चादरीवर पाखरं उतरवतो."

त्यांनी मला खाली काढलं आणि ब्लेडने माझ्यात चिमणी कापली. दुखलं नाही. पोटातून वारा गेल्यासारखं झालं. गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर झगा, झग्यावर मी. नातीने निळ्या रंगाचा स्प्रेचा डबा आणून दिला.

इथेच घोटाळा झाला. आजोबांचा हात ब्रशचा. टेकल्याशिवाय रंग लागत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी डबा अगदी माझ्या नाकाला लावला आणि दाबला. फस्स! रंगाचं तळं साचलं आणि माझ्या कडेखालून आत शिरलं. मला कळत होतं, पण मी कसा ओरडणार? उचललं तर खाली चिमणी होती खरी, पण पोट सुटलेली, आणि पोटाखाली दोन ओघळ.

"अहो बाबा, डबा हातभर लांब धरायचा," सूनबाई हळूच म्हणाल्या.

"हात दाखवून अवलक्षण!" आजोबा मटकन खाली बसले. "पाटी असती तर पुसली असती. कापड कसं पुसू? पोरीचं गाणं गेलं माझ्यापायी."

नात वाकून बघत होती. बराच वेळ बघत राहिली आणि खुदकन हसली. "आजोबा, हिने केवढं खाल्लंय! हिला उडताच येत नाहीये. ही चालत निघालीय. ओघळांना पावलं काढा ना!"

आजोबांनी बारका ब्रश आणला. दोन ओघळांचे दोन पाय झाले, बोटांसकट. मग नातीने डबा लांब धरून पाच सडपातळ चिमण्या खांद्याकडे उडवल्या. दर वेळी आजोबा मला हलकेच पुसून देत. सूनबाई दारातच उभ्या होत्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या.

नात तोच झगा घालून गायली. मी घरी खिळ्याला टांगलेला होतो, गाणं काही ऐकलं नाही. पण पुढच्या रविवारी तिच्या तीन मैत्रिणी कोरे झगे घेऊन हजर.

"नीट उडणारी काढून देतो," आजोबा म्हणाले.

"नको, आम्हाला चालणारीच हवी!"

आजोबांनी डबा पुन्हा माझ्या नाकाला लावला.

"बाबा, जरा लांब..."

"सूनबाई, कामात बोलू नये."

आता माझ्या कडांवर रंगाचे थर चढलेत. हल्ली चिमणी जरा बारीकच उमटते. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असला तर काम झाल्याझाल्या, ओला आहे तोवर पुसत जा. सुकल्यावर खरवडतात ना, तेव्हा सोसवत नाही.

बरं, निघतो. गॅलरीत वर्तमानपत्र अंथरल्याचा आवाज येतोय.