निरगुडीचं आमंत्रण

रस्ता रुंद करताना पाड्यावरची निरगुडी उखडली गेली, तेव्हापासून रखमीचे हाल. बाधा काढायला कुणाच्या अंगावरून पाला उतरवायचा, तर झरीहून बोर्डीच्या चिकूवाडीतली निरगुडी गाठायची. तीही दोनदा. आदल्या दिवशी मुळाशी तांदूळ ठेवून झाडाला आमंत्रण द्यायचं, सकाळी आपल्या हाताने पाला खुडायचा. आधी दुसऱ्या कुणाचा हात लागला, की आमंत्रण मोडलं.

काल ती तांदूळ ठेवून गेली होती. आज गुडघे धरत फाटकाशी पोचली, तर वाडीचा राखणदार रूपेश हसत पुढे आला.

"मावशी, तुझे हाल बघवत नाहीत. मीच तोडून ठेवला पाला."

त्याने गच्च भरलेली पिशवी तिच्या हातात दिली. घरी बाळंतीण सून तीन रात्री दचकून उठत होती. पण एवढ्या भल्या माणसावर डाफरायचं तरी कसं?

"देव तुझं भलं करो," रखमी म्हणाली.

तो पाठमोरा झाल्यावर ती झुडपापाशी टेकली. शेंड्याला थोडा पाला उरला होता. तिने पदराची गाठ सोडून चार दाणे मुळाशी ठेवले.

"त्याला ठाऊक नव्हतं गं," ती म्हणाली. "उद्या परत येते."