चार ओळींचं पत्र

मी टाइपरायटर. जन्मभर दुसऱ्यांचं बोललो, आज माझं ऐका. आणि जरा लवकर ऐका, कारण स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. बोटं पडायची थांबली की माझ्या अंगाला खाज सुटते.

जन्म माझा फ्रान्सचा, पण जग कळलं ते मॉरिशसमध्ये, क्युरपिपच्या एका वकिलाच्या कचेरीत. पुष्पावती तिथे टायपिस्ट होती. कचेरी बंद झाली तेव्हा तिनं दुसरं काही न मागता मला मागून घेतलं आणि भर पावसात प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मांडीवर बसवून बसमधून घरी आणलं.

घरी माझ्या वाट्याला मराठी मंडळाची पत्रं आली. गणेश चतुर्थीचं आमंत्रण, झाकरी नाचाची तालीम, सगळं मीच माझ्या रोमन अक्षरांत छापायचो. त्या पत्रांची एक रीत होती. आधी अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मग गावोगावचे वडीलधारे, प्रत्येकाला त्याचा मान. एकाचं नाव गळलं तरी तो वर्षभर देवळात तोंड फिरवून उभा राहणार! कधी यायचं, कुठे यायचं, हे अगदी शेवटी. आपलं नाव शोधत माणसं तिथवर पोचायचीच.

हीच रीत पुढे प्रेमचंदला नडली. प्रेमचंद म्हणजे पुष्पावतीचा धाकटा दीर. सरकारी नोकरीतून वर्षभराची बिनपगारी रजा काढून त्यानं १९८५ साली हिरव्या अक्षरांचा एक कॉम्प्युटर आणला, आणि कारखान्यातल्या कामगारांची हजेरी व जादा तास बिनचूक नोंदवणारा प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम चांगला होता. घ्यायला मात्र कुणी नव्हतं. म्हणून ओळख ना पाळख अशा साहेबांना पत्रं लिहायची ठरली. प्रेमचंद येरझाऱ्या घालत सांगायचा, पुष्पावती टाइप करायची.

काय ती पत्रं! पहिलं पान साहेबाच्या हुद्द्यांचं आणि प्रेमचंदच्या पदव्यांचं. लंडनच्या कोर्सचं नाव, तिथल्या प्राध्यापकांचं नाव, मंडळाचा तो सहचिटणीस असल्याची नोंद. प्रोग्राम काय करतो ते दुसऱ्या पानाच्या तळाशी. चाळीस पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. पोस्टमनची सायकल वाजली की प्रेमचंद जिन्यावरून धावायचा आणि हात हलवत परत यायचा. त्याच्याबरोबर माझाही जीव टांगणीला लागायचा.

सप्टेंबर उजाडला. महिनाअखेर रजा संपत होती. एका सकाळी त्यानं माझ्यात कोरा कागद घातला आणि स्वतःच दोन बोटांनी लिहायला लागला: ‘मी एक तारखेपासून पुन्हा कामावर रुजू होत आहे.’ सही न करता, कागद तसाच माझ्यात ठेवून उठला. सांगतो तुम्हाला, इतकं जड वाक्य मी कधी उचललं नव्हतं.

त्या दिवशी पुष्पावतीची बहीण बसंती तेर रूजहून आली होती. ती स्वेटरच्या कारखान्यात काम करायची. बसल्या बसल्या पाय चोळत म्हणाली, “आयो, शनिवारी पुन्हा दोन तास उन्हात उभी! कार्डावर तास चुकलं की सगळ्या बायांनी रांग लावायची. दर शनिवारी हेच.”

पुष्पावती प्रेमचंदकडे वळली. “भावजी, ऐकलंत? तुमच्या पत्रात ही रांग कुठं हाय?”

“साहेबाला रांगेचं काय सांगायचं? आपली ओळख नको द्यायला?”

“साहेब काय मंडळाचा मेंबर हाय, आपलं नाव शोधत दोन पानं वाचायला?”

प्रेमचंद पुन्हा येरझाऱ्या घालू लागला. मग म्हणाला, “पा कापाव, वहिनी. नाही जमणार. आतली बातमी कुणी दिली विचारतील. बसंतीची नोकरी जाईल.”

बसंतीनं पदर खोचला. “रांगेत मीच उभी ऱ्हाते न्हवं? लिव तू, ताई.”

पुष्पावतीनं तो रुजू होण्याचा कागद बाजूला काढला, नवा घातला आणि बसंतीच्या साहेबाला चार ओळी लिहिल्या. दर शनिवारी आपल्या कारखान्यात दीडशे बायका कार्डं दुरुस्त करायला दोन तास उभ्या असतात. ही रांग बंद करणारा प्रोग्राम आमच्याकडे आहे. मंगळवारी दहा वाजता येऊन दहा मिनिटांत दाखवू का? खाली नाव आणि टेलिफोन नंबर. संपलं. अर्धं पान कोरं राहिलं म्हणून प्रेमचंद कासावीस झाला होता.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मंगळवारी दोघं गेली. मी खिडकीशी एकटा, बाहेर रिपरिप, आणि वेळ काही हलेना.

परतल्यावर प्रेमचंदनं सांगितलं ते असं. साहेबानं पहिलंच विचारलं, “किसान्ला फिन दिर ऊ सा?” म्हणजे, कुणी सांगितलं हे तुम्हाला? पुष्पावती शांतपणे म्हणाली, “साहेब, रांग रस्त्यावरून दिसते. ज्याला दिसत नाही त्यालाच सांगावी लागते.” साहेब खिडकीपाशी गेला, परत आला आणि म्हणाला, “दाखवा.”

बसंतीची नोकरी राहिली, रांग गेली. तो रुजू होण्याचा कागद प्रेमचंदनं फाडला तेव्हा माझी कळ न् कळ हलकी झाली.

आता १९८९ साल आहे. दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी आहे. कोपऱ्यात प्रिंटर किंचाळत असतो. तो दिवसाला तीनशे पत्रं काढतो. मी कापडाखाली. क्युरपिपच्या दमट हवेनं माझे सांधे धरलेत, फीत वाळलीय. त्याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख म्हणजे त्या तीनशे पत्रांत पहिलं पान पुन्हा प्रेमचंदचंच असतं. नवी पदवी, नवं सर्टिफिकेट. दोन महिने एकही उत्तर नाही.

आज सकाळी पुष्पावती आत आली. केस पिकलेत तिचे. प्रिंटरमधलं पत्र उचलून तिनं वाचलं आणि एवढंच विचारलं, “भावजी, ह्यात रांगेत कोण उभं हाय?”

प्रेमचंदनं प्रिंटर बंद केला. किती दिवसांनी खोली शांत झाली! मग माझ्यावरचं कापड निघालं, कोरा कागद आत आला, आणि त्याची ती दोन बोटं माझ्यावर टेकली. टेकली आणि तशीच राहिली.

बाबांनो, मला नवी फीत नको, तेल नको. एवढंच करा, लिहिण्याआधी कुणालातरी विचारून या. प्रेमचंदनं आत्ताच टेलिफोन उचललाय, आणि विचारतोय, “बसंती, पाय कसे आहेत तुझे? हल्ली कशासाठी उभं राहावं लागतं?”